बेवारस झुकिनी आणि बागांचा कर

वर्लन स्टब्सने आपली ओळख स्वतःच लिहून स्वतःच छापून घेतली होती: 'खाजगी गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, तोंड बंद.' यातलं तोंडाचं कलम खोडा, असं त्याच्या बायकोने छापखान्यात फोन करून सांगितलं होतं. पण तोवर पाचशे कार्डं छापून झाली होती.

युटामधल्या कॉटनवुड बेंड गावात वर्लनने एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. "पाणी कुठे मुरतंय हे मला नाही तर कुणाला कळणार?" असं तो म्हणे, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गुप्तहेर झाला. आजवर त्याने तीन प्रकरणं सोडवली होती. त्यातल्या दोन हरवलेल्या वस्तू त्याच्याच कोटात निघाल्या.

त्याचा सहायक म्हणजे त्याचा साडू लॉरेन. लॉरेनकडे पिकअप ट्रक होता आणि नाही म्हणायची सवय नव्हती. एवढ्या पात्रतेवर नेमणूक झाली.

सप्टेंबरातल्या एका सकाळी ग्रँट हूप्स वर्लनच्या गॅरेजमध्ये, म्हणजे कचेरीत, आले. हूप्सचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि ते रॅप कराचे गावातले सर्वांत मोठे विरोधक होते. दहा डॉलरच्या खरेदीवर एक सेंट, एवढाच तो कर. त्यातून गावातल्या बागा, तलाव, नाटकं आणि बँड चालत. तो आणखी दहा वर्षं ठेवायचा की नाही, यावर नोव्हेंबरात मतदान होतं.

"एक सेंट का असेना," हूप्स गरजले, "रॅप गाण्यांसाठी मी का द्यावा? चाल नाही, काही नाही!"

"गाणी नव्हेत, ब्रदर हूप्स," लॉरेन चर्चच्या रिवाजाप्रमाणे 'ब्रदर' लावून हळूच म्हणाला. "करमणूक, कला, बागा. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत ती."

"तेच म्हणतोय मी. अक्षरांतसुद्धा लपवाछपवी!"

मग त्यांनी पिशवीतून तीन झुकिनी काढून टेबलावर आपटल्या. झुकिनी ही भाजी दिसायला काकडी आणि वाढायला दुधी. यातली एकेक तर तान्ह्या बाळाएवढी होती.

"सकाळी माझ्या दारात होत्या. नाव नाही, चिठ्ठी नाही. आणि मी एकटा नाही! अंगणात 'कर नको'ची पाटी लावलेल्या आणखी पाच घरांत हाच प्रकार."

वर्लनने भिंग काढलं, झुकिनी हुंगली आणि डोळे मिटले. "लाच!" तो म्हणाला. "मतं झुकवायला झुकिनी!"

लॉरेन आपल्या बुटांकडे बघू लागला. कारण हूप्सच्या दारातल्या त्या तीन झुकिनी त्यानेच ठेवल्या होत्या.

लाच म्हणून नव्हे. त्याच्या बायकोने, आर्डिसने, गावाच्या सार्वजनिक बागेत एक वाफा घेतला होता आणि त्यात झुकिनीची सहा रोपं लावली होती. चार माणसांच्या घराला अर्धं रोप पुरतं. ऑगस्टपासून लॉरेन झुकिनीचा पाव, झुकिनीचं सूप आणि आर्डिस ज्याला केक म्हणे ते खात होता. शेवटी त्याने तीन नग हूप्सच्या दारात ठेवून पळ काढला. पण बाकीची पाच घरं? तिकडे तर तो फिरकलाही नव्हता. म्हणजे खरंच काही कट होता की काय?

वर्लनच्या तर्कांना मात्र ऊत आला होता. त्याने झुकिनींना टेप लावला. "दहा इंच! दहा वर्षांचा कर! ही सांकेतिक भाषा आहे, लॉरेन."

"ही दुसरी साडेबारा इंच आहे."

"त्यात व्याज धरलंय."

दुपारपर्यंत लाचेची धमकी झाली. "एवढं जाडजूड फळ घरात कोण पाठवतो? याने माणूस आडवा होईल." संध्याकाळी संशय नाटक मंडळावर गेला, आणि दुसऱ्या दिवशी बँडवर.

"बँडवर?" लॉरेनचा आवाज चिरकला. तो त्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. मंगळवारची तालीम सोडली तर आठवड्यात कुणी त्याचं काही ऐकून घेत नसे.

"फुंकून वाजवणारी माणसं," वर्लन गंभीरपणे म्हणाला. "यांची फुप्फुसं बघ. काहीही करतील."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं हूप्सच्या घरासमोर ट्रकमध्ये पाळत ठेवून बसले. अर्ध्या तासात वर्लनला भूक लागली. कोपऱ्यावर जाऊन त्यांनी फ्राईज आणि गुलाबी सॉस घेतला, आणि परत येऊन बघतात तो ट्रकच्या सीटवर दोन झुकिनी.

"आपण ओळखले गेलोय," वर्लन कुजबुजला. सॉस त्याच्या हनुवटीवरून ओघळत होता. "गुरुवारी गावसभेत मी सगळं उघड करणार. कर तर जाईलच, बँडवाले तुरुंगातही जातील."

"वर्लन, अरे मी बँडवाला आहे."

"तुला मी भेटायला येईन."

गुरुवारी सभागृह भरलं होतं. नगराध्यक्षा लारू पिकेट यांनी तलावाच्या गळतीचा विषय संपवला आणि वर्लन उठला. सहा घरं, सतरा झुकिनी, एक कट, असं तो बोलत गेला. हूप्स मान डोलवत होते. 'कर हवा'वाल्यांचे चेहरे उतरले. बँडमास्तर तर रडायच्या बेतात होता.

लॉरेन उभा राहिला. असं तो सभेत कधीच उभा राहिला नव्हता.

"ब्रदर हूप्सच्या दारातल्या तीन माझ्या," तो म्हणाला. "लाच नव्हती. आमच्याकडे फार झाल्या होत्या. हातात द्यायला गेलो असतो तर त्यांनी त्या मलाच परत दिल्या असत्या. म्हणून ठेवून पळालो."

वर्लनच्या हातातलं भिंग खाली आलं. "साडू, तू?"

तेवढ्यात मागून एक म्हातारी पुटपुटली, "जेन्सनांच्या दारातल्या चार माझ्या."

"पोस्टमनच्या गाडीत मी टाकल्या," कुणीतरी म्हणालं.

"मी चर्चच्या मागच्या बाकावर ठेवल्या. देव माफ करो."

"थांबा," लारूबाई म्हणाल्या. "या महिन्यात कुणाच्या दारात झुकिनी आली? हात वर करा."

'कर नको'वाले, 'कर हवा'वाले, सगळ्यांचे हात वर गेले. 'कर हवा'वाल्यांना वर्लनने विचारलंच नव्हतं.

"आणि दुसऱ्याच्या दारात कुणी ठेवली?"

थोडी चुळबुळ झाली. मग एकेक करत पुन्हा सगळे हात वर. लारूबाईंचाही.

"ट्रकमधल्या दोन माझ्या," हूप्सच्या बायकोने, नॅडीनने, शांतपणे सांगितलं. "खिडकी उघडी दिसली."

हूप्स गर्रकन वळले. "नॅडीन! आपल्याकडे झुकिनी कुठून आल्या?"

"सार्वजनिक बागेतल्या माझ्या वाफ्यातून. तीन वर्षं झाली."

"त्या कराच्या बागेतून?"

"तुम्हाला भरलेली झुकिनी आवडते ना? मग गप्प बसा."

सभागृह इतकं हसलं की कराची चर्चा पुढच्या सभेवर ढकलावी लागली. वर्लनने गळा साफ केला. "मला पहिल्यापासून संशय होता," त्याने जाहीर केलं, "की यात संपूर्ण गाव सामील आहे." त्याला टाळ्या मिळाल्या. लॉरेनला बँडमास्तरने मिठी मारली, आणि पुढच्या कार्यक्रमात सोळा सुरांचा एक तुकडा एकट्याने वाजवायला दिला. घरी जाताना तो ट्रकमध्ये तोच तुकडा तोंडाने वाजवत होता, आणि वर्लन चक्क ऐकत होता.

नोव्हेंबरात कर नऊ मतांनी टिकला. ब्रदर हूप्सनी काय मत दिलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नॅडीनने सगळ्यांना सांगितलं.

वर्लनचं मत मोजलंच गेलं नाही. तिथे मतपत्रिका टपालाने पाठवतात; तिच्या लिफाफ्यावर सही हवी होती, ती त्याने केली नव्हती. निवडणूक कचेरीतून दोनदा फोन आला, "ब्रदर स्टब्स, येऊन सही करून जा." तो गेला नाही.

"माझी सही मिळवण्यासाठी," त्याने लॉरेनला बजावलं, "कुणीतरी ही अख्खी निवडणूक घेतली होती."