दोन कार्तिकांच्या गाजराची बखर

श्री. चंद्र वाढो, घटो, फिरून वाढो. बी मातीस लागो, माती नखांत राहो, आणि लिहिणाऱ्याच्या हातून खोटे बेताचेच होवो. शके पंधराशे, पुढील आकडा वाळवीने खाल्ला, संवत्सराचे नावही तिनेच नेले, त्या साली एक राज्य होते. राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. तेथील महाराज मोठे पराक्रमी, परंतु प्रकृती ऐसी की एके ठायी बसवत नसे. तक्तावर बसले की गुडघा हाले, गुडघा हालला की तक्त हाले, आणि तक्त हालले की सरहद्दीवरील ठाणेदार घोड्यास खोगीर घालून उभा राही, की स्वारी निघाली. स्वारी कोठेच निघत नसे. महाराज उठून खिडकीशी जात, खिडकीतून दाराशी येत, आणि दारातून राजबागेत उतरत.

ती राजबाग चिमाई माळिणीकडे वतनाने दोन पिढ्यांची. मूळ जागा उघडा खडक. चिमाईने आणि तिच्या सासूने नदीचा गाळ पाटी पाटी डोईवर आणून तेथे कमरेएवढी माती केली. बाईच्या टाळूस पाटीचा खळगा पडला होता, पावसात त्यात पाणी साचे आणि चिमण्या पिऊन जात, ऐसे जुने लोक सांगतात. आम्ही चिमण्या मोजल्या नाहीत.

मग वैशाखमासी उत्तरेचे राव, जे महाराजांचे व्याही, त्यांजकडून नजराणा आला. त्यात शालजोडी होती, अत्तर होते, आणि एक लांबच लांब पंचांग होते. ते लग्नमुंजींचे नव्हे. कोणते बी कोणत्या चंद्रास मातीत द्यावे, याचे. पालेभाजी आणि वेल शुद्धपक्षी, चंद्र चढता असता लावावे. कंदमूळ वद्यपक्षी, चंद्र उतरता असता. चंद्र कर्केस असेल तो दिवस पानाचा, वृषभेस असेल तो मुळाचा, ऐसे राशीवार वाटून दिलेले. आणि शेवटी कृती लिहिली होती, की गायीचे शिंग शेणाने भरून हिवाळाभर पुरावे, मग काढून ते शेण पाण्यात एक घटका उजवीकडे ढवळावे, एक घटका डावीकडे ढवळावे, आणि बागेत शिंपावे. महाराजांस पंचांग फार मानवले. बसून करण्याचे त्यात काहीच नव्हते. मग नृहरभट राजज्योतिषी यांस आज्ञा जाहली की बागेचा कारभार आजपासून या पंचांगाने चालवावा, आणि हिवाळ्याची वाट पाहवेना म्हणून शिंगाचे शेण ताजेच घेऊन दरबारने ढवळावयास आरंभ केला. आता उजवीकडे ढवळणारे सरदार आणि डावीकडे ढवळणारे सरदार यांचे दोन तट पडले, भोवऱ्यात एकाच्या डोईचा मंदील गेला तो अद्याप वर आला नाही, आणि फडणीस पंधरवडाभर ऐसे ढवळीत राहिले की घरी जातानाही चौकास तीन फेऱ्या घालूनच वाट धरीत.

शुद्धपक्षी लाविले ते सर्व उत्तम आले. मेथी आली, दोडका आला, भोपळा ऐसा आला की त्याच्या सावलीस हत्ती बांधला. नृहरभटांस शालजोडी मिळाली. परंतु वद्यपक्षी लाविले ते सर्व नासले. ज्येष्ठ वद्यातली हळद म्हणून पुरली ती चिखलात कुजली, सुरणाचा तर वासही राहिला नाही. भटजी बोलिले, "चंद्राचा दोष नाही. भूमीच्या पोटात कपट आहे." चिमाई बोलली, "भटजी, कपट नाही, पाणी आहे. हळद महिनाभर आधी पाहिजे होती." भटजी हसले आणि महाराजांकडे पाहून बोलिले, "माळीण आता चंद्रास शिकविणार."

मग आश्विनमासी रावांचे पत्र आले की भोगीच्या दिवशी आम्ही जेवावयास येतो, आमच्या पंचांगाने पिकले ते पाहू. महाराज आनंदाने सात वेळा उठले आणि आठ वेळा बसले, आणि उत्तर धाडिले की भोगीच्या भाजीतले गाजर आमच्याच बागेतले, आपल्याच पंचांगाचे वाढू. पंचांग उघडिले. त्यात गाजरास लिहिले होते, कार्तिक वद्य चतुर्थी, चंद्र वृषभेस रोहिणीवर. मग कागद जाहला, मोर्तब जाहले आणि चिमाईस वाचून दाखविले, की कार्तिक वद्य चतुर्थीपूर्वी गाजराचे बी मातीस लावील तर बाग खालसा, आणि भोगीस गाजर न निघाले तरी बाग खालसा. चिमाईने बोटे मोजली. गाजरास तीन महिने पाहिजेत, आणि कार्तिक वद्यापासून भोगीस साठ दिवस. पेरले तरी बाग जाते, न पेरले तरी जाते. चिमाई तीन दिवस बागेत या टोकाहून त्या टोकास चालत राहिली, खुरपे हाती, खुरपणे नाही.

चौथे दिवशी दोनप्रहरी उत्तरेकडील मिठाच्या तांड्याचे बैल विहिरीवर आले. त्यांसोबत लाखी म्हणून बाई होती, ती सावलीस बसली. चिमाईने रीतीप्रमाणे पाणी पुढे केले. लाखी बोलली, "नको ग बाई. आज पाणीसुद्धा नाही. धन्यासाठी चौथ धरली आहे, चंद्र पाहीन मग घोट घेईन."

चिमाई बोलली, "माझीही चौथ. संकष्टी. पण आम्ही पाणी पितो हो, आमचा देव एवढा कडक नाही."

"देव नाही कडक, सासू कडक. कार्तिकातली ही चौथ सोडली तर ती मला तांड्यातून सोडील."

"कार्तिक कुठला? आश्विन हा. परवा तर कोजागरी झाली."

"ती झाली तशी आमचा आश्विन सरला. पुनवेस महिना संपतो ना?"

"अमावास्येस संपतो."

"अमावास्येस? म्हणजे अंधारात?" लाखी हसू लागली. "माणसे उजेडात हिशेब मिटवतात ग."

चिमाईच्या हातचा तांब्या विहिरीत गेला. मग तिने विचारिले, की तुमच्या मुलखात आज काय तिथी म्हणावी. लाखी बोलली, "कार्तिक वद्य चौथ. आणि रात्री चंद्र रोहिणीपाशी निघेल, दरसाल निघतो. कवतिक काय त्यात?" चिमाई उठली ती तशीच नृहरभटांच्या दारी गेली आणि सर्व सांगितले, की चांदण्याचा पंधरवडा दोन्ही मुलखांस एकाच नावाचा, परंतु अंधाराचा पंधरवडा ते पुढल्या महिन्यात घालतात, म्हणून वद्यातले सर्व आपण महिनाभर उशिरा लावितो, आणि गाजराचा दिवस आजचा आहे. भटजींनी डोळे मिटून ऐकिले, कारण ते समजले होते. मग डोळे उघडून बोलिले, "मीठ वाहणाऱ्या बाईने महिना सांगावा आणि मी शालजोडी परत करावी? या राज्यात कार्तिक आम्ही म्हणू तेव्हा लागतो. कागद पाहिलास ना? जा."

चिमाई गेली. जाऊन विहिरीमागील वाफा उकरला आणि सूर्य मावळण्याच्या आत गाजराचे बी पेरून टाकिले. आणि वाफ्याच्या चहू कडांस शेपू टोकला. कारण गाजराचा पाला आणि शेपूचा पाला दुरून सारखाच, आणि शेपूजवळ जो तो दुरूनच असतो. आठवड्यास भटजी पाहणीस येत. "हे काय ग?" "शेपू, भटजी. दोन जुड्या देऊ?" भटजी उपरण्याने नाक धरून पुढल्या वाफ्यास जात.

पुढे आपल्या मुलखाची कार्तिक वद्य चतुर्थी आली आणि वाजतगाजत राजवाफ्यात गाजराचे बी पडले. महाराजांनी वर पाहून विचारिले, "पंचांगात चंद्र वृषभेस लिहिला आहे आणि आज तो मिथुनेस. हे कैसे?" भटजी बोलिले, "महाराजांची कीर्ती ऐकून दोन पावले पुढे येऊन उभा राहिला आहे." महाराज संतोषले. परंतु त्या दिवसापासून महाराजांस घास गोड लागेना. पहाटे येऊन वाफा उकरून पाहात, दोनप्रहरी एक रोप उपटून मूळ निरखीत आणि परत खोवीत, अस्तमानी तेच रोप काढून विचारीत की सकाळपासून काय केलेस. चिमाई बोलली, "महाराज, ऐसे रोज उपटून पाहिले तर पोरसुद्धा वाढायचे नाही." महाराज बोलिले, "चिमाबाई, आम्हांस राहवत नाही." आणि आणखी एक उपटिले.

भोगी आली. राव आले, हत्ती आले, वांगी, वाल, हरभरा, तीळ सर्व सिद्ध जाहले. मग महाराज राजवाफ्यात उतरले आणि स्वहस्ते पहिले गाजर काढिले. ते जानव्याच्या धाग्याएवढे होते. दुसरे काढिले, ते पहिल्याहून सभ्य होते इतकेच. रावांनी मिशीवर हात ठेविला, मिशीखाली काय चालले ते दिसले नाही. नृहरभट बोलिले, "पंचांग बिनचूक, चंद्र बिनचूक. हाताचा दोष आहे, महाराज." महाराजांचा चेहरा काळवंडला. बोलिले, "चिमाबाई, कागद ठाऊक आहे. बाग खालसा. आजच निघावे."

चिमाईने पदर खोचला. बोलली, "निघते. जाण्याआधी विहिरीमागला शेपू तेवढा महाराजांनी उपटावा."

"भोगीस शेपू?" भटजी ओरडले.

"कडेचा नको. मधला."

महाराजांस उपटण्याचे निमित्तच पाहिजे होते. गेले आणि दोन्ही हातांनी पाला धरून ओढिले. येईना. राव कमरेस लागले, येईना. मग दोघे व्याही एकदम मागे कोसळले आणि वर तांबडेलाल गाजर आले, ते ऐसे लांब की महाराज मातीत पडले होते तेथून त्याचे टोक पाहावयास स्वार धाडावा लागला. मागोमाग दुसरे, तिसरे. वाफा भरून गाजरे निघाली. लोकांनी जयजयकार केला. भटजींनी एकच विचारिले, "हे पेरले केव्हा?"

चिमाई खोटे बोलली नाही. "आश्विन वद्य चतुर्थीस."

जयजयकार बंद पडला. कार्तिकापूर्वी पेरले, म्हणजे कागद मोडला. महाराज मातीतच उभे राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले. तेव्हा चिमाई रावांकडे वळून बोलली, "रावसाहेब, यंदा राणीसाहेबांनी आपल्यासाठी चौथीचा उपास केला, तेव्हा चंद्र कोठे होता?"

राव बोलिले, "रोहिणीपाशी. विसरेन कसा? ढग होते, चंद्र निघेना, आणि पोटात अन्न नाही म्हणून राणीसाहेब माझ्यावर जे बोलल्या ते अजून कानात आहे."

"महिना कोणता होता?"

"कार्तिक. दुसरा कोणता असणार?"

"कोजागरीनंतरची चौथ ना ती?"

"तीच."

"मग मी त्याच दिवशी पेरले, महाराज. पंचांग यांचे, कार्तिक यांचा, चंद्रही यांनी लिहिला तेथेच. कागदात कार्तिक एवढेच आहे. कोणाचा, ते लिहिलेले नाही."

महाराजांनी कागद मागविला. उलटा पाहिला, सुलटा पाहिला. आपला कार्तिक म्हणावा तर गाजर चोरीचे, आणि व्याह्याच्या पंक्तीस भाजी नाही. त्यांचा कार्तिक म्हणावा तर वैशाखापासून अर्धे राज्य चुकीच्या महिन्यात ढवळत होते. बागेस सात येरझाऱ्या घातल्या. आठव्या येरझारीस उभे राहून बोलिले, "ज्या कार्तिकात गाजर आले तो कार्तिक खरा. बाग चिमाबाईची. नवी सनद लिहा, पुन्हा कोणी खालसा म्हणू नये ऐसी."

चिमाई बोलली, "त्यात एक कलम घाला. बी पडल्यापासून पीक निघेतोवर महाराजांनी फाटकाच्या आत येऊ नये."

महाराज फाटकापर्यंत जाऊन परत आले. मग बोलिले, "घाला." लेखकाने बोरू दौतीत बुडविला, सर्व मजकूर लिहिला, आणि शेवटी मिती लिहावयाची तो थबकला. त्या दिवशी वद्यपक्ष होता. भटजींनी एक महिना सांगितला, रावांच्या कारभाऱ्याने दुसरा सांगितला, दोघेही आपले म्हणणे सोडीनात, आणि मितीवाचून सनद म्हणजे कोरा कागद. मग चिमाईने लेखकाच्या शेजारी बसून सांगितले, "लिहा, भोगी. ती सूर्यावर येते. तिला चंद्र विचारावा लागत नाही आणि भटजीही." लेखकाने तैसेच लिहिले, आणि मोर्तब जाहले.

एणेप्रमाणे वर्तमान जाहले. बाग चिमाईकडे राहिली. महाराज फाटकाबाहेर राहिले. महिने दोन्ही राज्यांत अद्याप आपापल्या जागी सरतात.