त्रेपन्न किलोंच्या मोहिमेची बखर

श्रीमंत सकलविद्याधुरंधर मुख्याध्यापिका बाईसाहेब यांचे सेवेसी, आज्ञाधारक कार्यालयीन लेखनिक, मुक्काम तळमजला, पंख्याचा वारा न पोहोचणारी खुर्ची, कृतानेक विज्ञापना ऐसी जे: साहेबांचा हुकूम जाहला की, मुलींच्या आंतरशालेय कुस्त्यांचे दिवशी वजनकाट्यापाशी काय रण माजले, कोण पडले, कोण राहिले, याची साद्यंत हकीकत लिहून सादर करणे. हुकूम शिरसावंद्य. सेवक खासा त्या दिवशी वजनाचे तक्त्यावर लेखणी घेऊन हजर होता. जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, आणि जे मागाहून ऐकिले तेही पाहिल्याप्रमाणेच लिहिले. बखरकारास इतकी मुभा असते.

शाळेचे फौजेत दोघी बहिणी नामांकित. थोरली बारावीत, तिजला अवघी फौज ताई म्हणे. सत्तावन्न किलोंचे ठाणे तीन वर्षे तिने एकहाती राखिले होते, आणि ही तिची शाळेतील अखेरची मोहीम. धाकटी दहावीत, हजेरीपटावर नाव काही असो, गादीवर तिजला भिंगरी म्हणत, कारण की समोरून धरावयास जावे तो ती पाठीमागून निघे. भिंगरीचे ठाणे त्रेपन्न किलोंचे. आणि फौजेचा कायदा ऐसा की, एका गटात मल्ल एकच. कोणी वजन वाढून वरचे गटात दाखल जाहली, तर तेथील जुन्या मल्लाशी कुस्ती करावी, जी जिंकेल ती राहील, दुसरीने डबा सांभाळावा. त्या साली भिंगरी चार बोटे उंच जाहली आणि सरावात दहांपैकी सात वेळा ताईस चीत करू लागली. म्हणजे भिंगरी त्रेपन्नाबाहेर पडली की ताईचे ठाणे गेलेच. हे सर्वांस ठाऊक होते, आणि एकही इसम तोंड उघडीत नव्हता.

मग भिंगरीने मनाशी मसलत केली की, जीव गेला तरी बेहत्तर, त्रेपन्न ओलांडावयाचे नाही. आणि तीन आठवडे सकाळचा पाव दप्तरात गेला, आणि दुपारचे अंडे शेजारच्या बाकावर गेले, आणि रात्रीचे जेवण 'मैत्रिणीकडे खाल्लं' या सबबीवर माफ जाहले, कारण आईसाहेब शिलाईचे कारखान्यात दुसऱ्या पाळीस, खातरजमा करणार कोण? सरलष्कर कुस्तीचे सर यांची ताकीद मात्र सक्त होती: वजन घटविणे ते डॉक्टरांचे सल्ल्याने, हळूहळू, खाऊनपिऊन, उपास बंद, पाणी तोडणे बंद. तशा मजकुराचा तक्ता तालीमखोलीचे भिंतीस डकविला होता. भिंगरी रोज त्यासच पाठ टेकून बूट बांधीत असे.

आता दैवाची नव्हे, सरलष्करांची करणी ऐका. गादीचा रिवाज मोठा कडक: बाहेरचे बूट गादीवर चढवू नयेत, आणि अनवाणी पाय गादीखाली उतरवू नये, नाहीतर मळ येतो आणि अवघ्या फौजेस खरूज होते. आणि वजन तर अनवाणीच करावे लागते. मग मुलींनी उतरावे कैसे, चढावे कैसे? सरलष्करांनी अक्कल लढविली आणि काटाच उचलून गादीवर आणिला. सर्वांनी वाहवा केली. परंतु गादी पडली मऊ. काट्याचे पाय तीत रुतले, आणि तो बिचारा पावणेदोन किलो कमी बोलू लागला. खासे सरलष्कर एकदा त्यावर चढले आणि दिवसभर शीळ वाजवीत हिंडले. तरीही कोणास शंका येईना! बाकीच्या मुलींस आपापले गटात ऐसपैस जागा होती, त्यांचे काही बिघडले नाही. काठावर उभी होती ती एकटी भिंगरी.

रणाचा दिवस उगवला. सभागृहाची फरशी दगडी, काटा तपासून मोहोर केलेला, मुदत आठ ते नऊ, आणि काट्यावरील पंचबाई ऐशा की, सख्ख्या आईचेही दहा ग्रॅम सोडणार नाहीत. आमची भिंगरी मोठ्या दिमाखात चढली. काटा बोलिला: चोपन्न किलो सातशे. भिंगरी उतरली, पुन्हा चढली. काटा आपल्या शब्दास जागला. सरलष्करांनी फरशीकडे पाहिले, काट्याचे पायांकडे पाहिले, आणि कपाळावर हात मारून भर सभेत कबुली दिली, "अरे देवा! काटा गादीवर ठेवला होता मी!" ऐसे सेनापती असल्यावर शत्रूची गरज काय, हे सेवकाने लेखणी दातांत धरून मनातच म्हटले.

कायदा ऐसा होता की, मुदतीत कितीही वेळा चढावे. मग भिंगरीने हल्ला केला. केसांतील तीन चिमटे काढिले, कानांतील रिंगा काढिल्या, वीसही नखे मुळापासून छाटिली, आणि नाक इतके शिंकरिले की पंचबाईंनी तोंड फिरविले. काटा बोलिला: चोपन्न किलो सहाशे साठ. चाळीस ग्रॅमांचा मुलूख सर जाहला, सोळाशे साठांचा शिल्लक. आणि मग भिंगरी एकाएकी नाहीशी जाहली.

ताई शोधीत निघाली. स्वच्छतागृह पाहिले, कपड्यांची खोली पाहिली, आणि मग जिन्यावर धपधप ऐकू आली. घाम गाळून वजन उतरविण्यास अंगावर तीन जाकिटे चढवून जिना पळणे हे कायद्याने साफ मना. त्यांतील एक जाकीट खुद्द ताईचेच. ताई तिसरे मजल्यावर पोहोचली तो भिंगरी पायरीवर बसलेली, ओठ पांढरे, आणि भिंतीस धरून भिंत हलते की काय ते पाहात होती.

"काय खाल्लंयस सकाळपासून?" ताईने विचारिले.

"काल दुपारी बिस्कीट खाल्लं होतं."

"कशासाठी, गं? सत्तावन्नात आलीस तर आभाळ कोसळणार आहे का?"

तेव्हा भिंगरीचा बांध फुटला. "तुझं शेवटचं वर्ष आहे ना! मी आले तर तू खेळणारच नाहीस. आणि मी काय मुद्दाम उंच झाले का?"

 ताईस राग आला, आणि लाजही वाटली, कारण की तीन आठवडे धाकटीचे गाल बसत होते ते तिने पाहिले होते, आणि पाहूनही विचारिले नव्हते, कारण विचारले तर उत्तर ऐकावे लागते. हे ताईने स्वमुखे सेवकास सांगितले, म्हणून लिहिले. मग तिने एकेक जाकीट ओढून काढिले आणि आपला डबा पुढे केला आणि हुकूम फर्माविला: पाव दोन, अंडे एक, केळे एक, बाटलीभर पाणी, सावकाश, एक घासही शिल्लक राहिल्यास आईच्या कानावर घातले जाईल. त्यावर भिंगरी शरण आली. पहिला घास रडत, दुसरा मुसमुसत, आणि केळे तर तिने इतके झपाट्याने संपविले की, ताईस अर्धे मागावयाचेही सुचले नाही.

स्पर्धेच्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहून अर्धा तास निजविले आणि मग परवानगी दिली. घड्याळात नवास पाच कमी. सत्तावन्नाचे एका जागेस आता हक्कदार दोघी, आणि निवाड्याची कुस्ती तर मुदतीचे आत व्हावयास हवी. ते समयी सेवकास कायद्याचे अकरावे कलम आठवले: कोणतेही शाळेस काट्याची कसोटी मागता येते, आणि कसोटी होईतो मुदत थांबते. सेवक उठला आणि गळा साफ करून कसोटी मागता जाहला. पंचबाईंनी लोखंडी वजने एकेक करून चढविली आणि एकेक करून उतरविली आणि सेवकाकडे ऐसे पाहिले की, सेवकाचीच पाचावर धारण बसली. सतरा मिनिटे मिळाली. काटा अर्थातच बिनचूक होता. सेवकास ते आधीच ठाऊक होते.

मग आतील सरावाचे गादीवर दोघी बहिणी उभ्या ठाकल्या. शिटी वाजताच भिंगरी आपण होऊन पाठीवर पडली. ताईने तिजला दाबिले नाही. ती दोन पावले मागे सरली आणि म्हणाली, "ऊठ. मला भीक नको. खोटं खेळलीस तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही." आणि हे ती ऐशा आवाजात बोलिली की, सरलष्करांची शिटी तोंडातून गळाली.

भिंगरी उठली. मग जी झुंज जाहली तिचे वर्णन करावयास सेवक असमर्थ, कारण निम्म्या वेळी कोणता पाय कोणाचा ते कळत नव्हते. ताईने जिवाचे रान केले. पाच गुण घेतले. एक वेळ तर भिंगरीचा एक खांदा टेकला आणि दुसरा टेकता टेकता राहिला. परंतु अखेरीस भिंगरी पाठीमागून निघालीच. सहास पाच. सरलष्करांनी धाकटीचा हात वर केला, तो ती काही केल्या वर जाऊ देईना, म्हणून दुसरा हात ताईने वर केला. मग ताई स्वच्छतागृहात गेली आणि नळ सोडून रडली. तीन वर्षांचे ठाणे होते, रडणारच. तोंड धुऊन परतली, तो मुदत संपावयास दोन मिनिटे.

भिंगरी काट्यावर चढली: पंचावन्न किलो चारशे, पोटातील केळ्यासह. पंचबाई म्हणाल्या, सत्तावन्नात मंजूर. आता तक्त्यावरील जुने नाव खोडून नवे लिहिणे हे सेवकाचे काम. परंतु लेखणी चालेना. तीन वर्षे तेथे एकच नाव लिहिले होते, हात वळेना. ते ताईने पाहिले आणि सेवकाचे हातून लेखणी घेतली आणि आपले नाव आपणच सरळ रेघ मारून खोडिले आणि त्यावर धाकटीचे पूर्ण नाव, एकही काना न चुकता, सुरेख अक्षरांत लिहिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ऐसी नोंद करावी. त्रेपन्नाचा गड गेला. मुलगी हाती आली. त्या दिवशी भिंगरीने पहिली कुस्ती मारिली, दुसरी हरली, याचा तपशील निकालपत्रकात आहे. सेवकापाशी तक्ता आहे तो सोबत जोडिला आहे. साहेबांनी सत्तावन्नाची ओळ खासा नजरेखालून घालावी. तिचे शेवटी एक रकाना असतो, 'मल्लाचे कोपऱ्यात कोण बसणार', म्हणजे झुंजीत कडेला बसून धीर कोण देणार, डाव कोण सांगणार, तो आजवर शाळेने कधी भरिला नव्हता. त्यात ताईचे अक्षरांत ताईचे नाव आहे.