मागच्या घरातलं नेपाळ

आमच्या परसामागे नेपाळ आहे. राजधानी तीन खोल्यांची, लोकसंख्या दोन. राष्ट्रप्रमुख सदाशिवबाब, वास्कोच्या बंदरातले निवृत्त कारकून. डिचोलीतलं त्यांचं घर आमच्या मागे, बाकी तिन्ही बाजूंना शेतं. रस्त्यावर यायचं तर आमच्या अंगणातून. "आमी नेपाळ, मास्तर. दर्यो तुमचो, आमका फकत वाट व्हयी," असं ते स्वतःच सांगत.

बाजारातून परतताना परसातल्या फाटकाशी थांबून ते पिशवी उघडून दाखवत. "आयात, मास्तर. सहा पाव, अर्धो किलो बांगडे." निर्यात म्हणजे बहुधा एखादा नारळ, आणि तो मलाच.

जन्मभर परदेशी बोटींचे कागद लिहिल्यामुळे देशोदेशींच्या व्यापारावर ते तासभर बोलत. "शेजारी देश परिषदेत गळाभेट घेतात, फोटो काढतात. मागीर सीमेर ट्रक आठ दीस उबो. माल सातासमुद्रापलीकडसून येता, पण शेजाऱ्याचो कांदो येना. कित्याक? जो पयलो फाटक उगडतलो, तो फसतलो, असें दरेकाक दिसता." मी शाळेत भूगोल शिकवतो. माझ्यापेक्षा ते बरं शिकवत.

मग एका वकील मित्राने माझ्या कानात घातलं, की वर्षानुवर्षं वापरलेली वाट उद्या त्यांच्या हक्काची होईल. मी फाटकाला कुलूप घातलं. चावी माझ्याकडे. सदाशिवबाब हसून म्हणाले, "बरें जालें. आतां परवानो लागतलो." तेव्हापासून ते फाटकाशी उभे राहून "मास्तर" अशी हाक मारत आणि वाट बघत. कधी कधी मी मुद्दाम चहा संपवून उठायचो.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी पंख्याखाली आडवा होतो. हाक आली. पुन्हा आली. म्हातारा पिशवी दाखवायला आला असेल, म्हणून मी कूस बदलली. तिसऱ्यांदा हाक आली नाही.

संध्याकाळी कळलं. त्यांच्या पत्नी शांताताई न्हाणीत पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं. रिक्षा आमच्या दारासमोर उभी होती आणि त्यांना खुर्चीत बसवून, उन्हातून, शेताच्या बांधावरून वळसा घालून आणावं लागलं. वाटेत दोनदा खुर्ची खाली टेकवली म्हणे. मला माझीच किळस आली. हॉस्पिटलात जायला पाय उचलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घेऊन पोदेर आला. "सदाशिवबाबाक बरोच विसर पडता, मास्तर. तुमी दिलेली फाटकाची चावी घरांत खंय ठेवली, ती वेळार गावलीच ना म्हण. सगळ्यांक तेंच सांगता. मास्तरान विश्वासान दिलेली, म्हणून रडटालो."

चावी मी त्यांना कधीच दिली नव्हती.

पोदेर माझ्याकडे बघत होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"वय जालें तांचें," मी म्हणालो आणि पाव घेतले.