मार्गे सुपडूनाना

कुणी मोठा माणूस भेटला की आपण नमस्कार करतो. फार तर कुठले, काय करता, एवढं विचारतो. आमचे सुपडूनाना मात्र त्याच्याकडे खालून वरपर्यंत बघतात आणि एकच शब्द टाकतात, "मार्गे?"

माझे बँकेतले साहेब एकदा धुळ्याहून चोपड्याला आमच्या घरी जेवायला आले होते. शेवभाजीचा पहिला घास त्यांच्या तोंडात होता आणि नाना दारात.

"साहेब, मॅनेजर झाले ते समजलं. मार्गे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बँकेत येण्याआधी तुम्ही काय काय केलं, असं विचारतायत नाना."

"शिकलो, परीक्षा दिली, लागलो."

"मधी थांबा नही?" नानांचा चेहरा पडला. इतका पडला की साहेबांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तसा दोन वर्षं सर्कशीत होतो. तंबूच्या दारात तिकिटं फाडायला. विदूषक आजारी पडला तर त्याच्या जागी उभा राहायचो."

त्यांच्या हाताखाली मी इतकी वर्षं काम केलं होतं, पण हे मला ठाऊक नव्हतं.

"आता जेवा," नाना म्हणाले.

सुपडूनाना आमचे शेजारी. चोपड्याच्या बसस्थानकात ते वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून, कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे हे कर्ण्यावरून सांगण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. निवृत्त झाले तेव्हा खुर्ची सुटली, आवाज सुटला नाही. घरात चहा मागतानासुद्धा ते आधी खाकरतात आणि दोनदा सांगतात.

मोठ्या माणसांबद्दल त्यांचं एक शास्त्र आहे. "सरळ रस्त्यानं कोणी मोठा होत नही, पोरी. बठ्ठा लोक वाकडाच येतस. गाडीच्या पाटीवर पहिलं आणि शेवटचं गाव मोठ्या अक्षरात राहतं. मधली गावं बारीक. आणि लोकांना चढायचं राहतं त्या बारीक अक्षरातल्या गावाला."

मी बी.कॉम. झाले तेव्हा नाना नोकरीत होते. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घरात पदवी म्हणजे काय असते हे कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे निकाल सांगितल्यावर आईने "आता पुढच्या वर्गात का?" असं विचारलं. पेढे वाटायचं कुणाला सुचलं नाही. संध्याकाळी मी वडिलांचा डबा घेऊन स्थानकावरून चालले होते. कर्ण्यावर नानांचा आवाज आला, "चोपडा–धुळे, मार्गे शिरपूर, नरडाणा, फलाट तीनवर लागलेली आहे. तसेच आपल्या गल्लीतली सुनंदा, चोपडा–बी.कॉम., मार्गे शेतातली निंदणी, मार्गे शिवणक्लास, मार्गे बारावीचं इंग्रजी दुसऱ्यांदा, सुखरूप पोहोचलेली आहे."

शेंगदाणे विकणाऱ्या बाईने मला हाक मारून ओंजळभर शेंगदाणे दिले. एका अनोळखी आजोबांनी बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून आशीर्वाद दिला. इंग्रजीचं मात्र नानांनी सांगायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. पुढच्या वर्षी बारावीला इंग्रजीत अडकलेल्या आमच्या गल्लीतल्या दोन मुली माझं नाव विचारत घरी आल्या.

त्या घोषणेच्या दुसऱ्या दिवशी नानांना त्यांच्या साहेबांनी बोलावून घेतलं. हे काय प्रकरण, विचारलं. नाना म्हणाले, "पोहोचलेल्या गाडीची माहिती द्यायची राहते, साहेब."

दरवर्षी निकालानंतर आमच्या गल्लीतल्या विहारात दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार असतो. या तालुक्यातून बाहेर पडून नाव काढलेल्या दोन-चार जणांना पाहुणे म्हणून बोलावतात. पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम नानांचं आणि आभार मानायचं माझं. मी त्यासाठी दरवर्षी धुळ्याहून येते. खरं सांगायचं तर आभारासाठी येत नाही, ओळख ऐकायला येते.

एका वर्षी जळगावचे मोठे हृदयरोगतज्ज्ञ आले होते. छापील भाषण घेऊन. पहिलंच वाक्य जिद्द, चिकाटी आणि मेहनत यांच्यावर होतं. पण ते माईकपर्यंत पोहोचण्याआधी नाना पोहोचले. "चोपडा–जळगाव हृदयविकार, मार्गे कुक्कुटपालन."

डॉक्टर जागच्या जागी थांबले. ही माहिती नानांनी डॉक्टरांच्या मावशीकडून काढली होती. मुलं हसली. डॉक्टर क्षणभर रागावतील असं वाटलं, मग त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली.

"खरं आहे," ते म्हणाले. "बारावीला घसरलो आणि कोंबड्या पाळल्या. रोग आला, सगळ्या गेल्या. कशाने गेल्या ते कळेना, म्हणून एक फाडून बघितली. आई म्हणाली, एवढं बघायचंच आहे तर माणसांचं बघ. पुन्हा बारावीला बसलो."

त्या दिवशी त्यांना इतके प्रश्न आले की भरीत-पुरी थंड झाली. सगळे प्रश्न कोंबड्यांवर होते.

न्यायाधीश झालेला एक मुलगा "मार्गे लग्नाचा बँड, सनई" असा आला. वरातीत आपलं कुणी ऐकत नाही, पण आपल्याला सगळ्यांचं ऐकू येतं, आणि तेच पुढे उपयोगी पडलं, असं त्याने सांगितलं. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका बाई "मार्गे दवाखान्यातली आयाबाई" अशा आल्या. पाहुणे आता येण्याआधीच मला फोन करतात, "तुमच्या नानांना माझं काय काय माहीत आहे?"

असे हे सुपडूनाना. सगळ्या तालुक्याची वाकडी वळणं त्यांना प्रिय. अपवाद एकच. स्वतःची मुलगी.

"मनी पोर विनाथांबा शे," म्हणजे माझी पोर विनाथांबा आहे, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. वैशाली एकदम शाळेतून दातांच्या कॉलेजात आणि तिथून थेट घरी. घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना. वैशालीची आई, म्हणजे आमच्या दुर्गाकाकू, गेल्या त्याच वर्षी तो सुरू झाला. नानांनी एसटीच्या भंगारातून एक लांब बाकडं मिळवलं आणि ते ओट्यावर ठेवलं. त्यावर रुग्ण, शेजारी स्टुलावर नाना. "खालची दाढ, डावी बाजू, आत यावं," असं ते पुकारायचे. मधल्या वेळात बाकड्यावरच्या प्रत्येकाला शास्त्र सांगायचे. मला एकदा म्हणाले, "गाल सुजलेला माणूस फार चांगला. मधी बोलत नही."

मग फैजपूरचा एक केळीवाला शेतकरी अक्कलदाढ काढायला आला. भूल चढेपर्यंत त्याने वैशालीला मोबाईलवर आपल्या बागेत ड्रोनने होणारी फवारणी दाखवली. वैशाली रविवारी ती बघायला गेली. पुढच्या रविवारी पुन्हा गेली. मग ड्रोन उडवायचं शिकायला गेली, परवाना घेतला, आणि एक दिवस म्हणाली, "नाना, दवाखाना बंद करते. मला दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचा कंटाळा आला आहे. केळीवरच्या करपा रोगाची फवारणी मी चांगली करते."

नानांनी "बरं" म्हटलं. फक्त पाटी काढली नाही. रुग्ण आले की सांगायचे, "डॉक्टरीण बाहेरगावी शे," आणि तरी त्यांना बाकड्यावर बसवायचे. घरातून लवंगेचं तेल आणून द्यायचे. आधी दाढेवर लावायला, मग चहा, मग शास्त्र. दुखणारा माणूस तासाभराने तसाच दुखत घरी जायचा. हळूहळू रुग्ण येईनासे झाले. नाना स्टुलावर बसून राहिले.

गल्लीत लोक बोलायचे. दात काढणारी आता औषध मारते. पण नानांसमोर कुणी काही म्हणत नसे, आणि नानाही तिच्याबद्दल काही म्हणत नसत. जगाला मार्गे विचारणाऱ्या माणसाच्या तोंडून वैशालीचं नावच निघेना.

आणि यंदा सत्कार समितीने नेमकं तिलाच पाहुणी म्हणून बोलावलं. तालुक्यात ड्रोन उडवणारी पहिली मुलगी, म्हणून. मी नानांना विचारायला गेले.

"बाकीच्यांची ओळख मी देतो. तिची दुसऱ्या कोणाला सांग."

"दुसरं कोण देणार? लोक तुम्हाला ऐकायला येतात."

"तिची पाटी मला वाचता येत नही, पोरी."

वैशाली मला विहाराच्या पायरीवर भेटली. फवारणी पहाटे करावी लागते, तेव्हा वारा नसतो, म्हणून तिने फैजपूरला खोली घेतली होती. सामान बांधून झालं होतं.

"मी जाणारच आहे, सुनंदाताई," ती म्हणाली. "पण नाना मला सगळ्यांसमोर काय म्हणतात, तेवढं ऐकून जायचं आहे. काहीच म्हणाले नाहीत तर तेही समजेल."

विहार गच्च भरला होता. पहिले पाहुणे मार्गे मेंढपाळी, दुसरे मार्गे फोटो स्टुडिओ. टाळ्या, हशा, सगळं नेहमीसारखं. तिसऱ्या खुर्चीवर वैशाली. तिच्या हातावर अजून फवाऱ्याचा पांढरा डाग होता आणि ती तो अंगठ्याने घासत बसली होती.

नाना माईकसमोर उभे राहिले. खाकरले. पुन्हा खाकरले. मागून कुणीतरी म्हणालं, "नाना, लाईट गेली का?"

"वैशाली सुपडू," नाना म्हणाले. मग आवाज नेहमीच्या खिडकीतल्या आवाजासारखा झाला. "चोपडा–फैजपूर. मार्गे दात."

विहार हसला. सगळ्यात जास्त वैशाली हसली. इतकी हसली की तिने पदर तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही.

इथे नानांनी बाजूला व्हायचं असतं. ते झाले नाहीत. माईक हातात घट्ट धरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"ही गाडी मुक्कामी कुठे?" त्यांनी विचारलं.

रात्री जिथे थांबते, ती गाडी मुक्कामी. आमच्याकडे हे पोरासोरांना माहीत आहे, त्यामुळे लोक पुन्हा हसले. पण मी जवळ उभी होते. नाना हसत नव्हते. त्यांना खरंच हवं होतं ते उत्तर. ओट्यावरचं बाकडं रिकामं झाल्यापासून हा एवढाच प्रश्न त्यांचा विचारायचा राहिला होता, आणि आम्ही सगळे त्याला राग समजत होतो.

वैशालीने पदर खाली घेतला. समोर एवढे लोक असताना ती फक्त त्यांच्याशी बोलली.

"पाच दिवस फैजपूर, नाना. शनिवारी-रविवारी चोपडा."

नानांनी मान हलवली. हिशेब जुळला की नाही, हे त्यांच्या तोंडावरून कळेना.

"शनिवारी मुक्कामी चोपडा," त्यांनी कर्ण्यावरून सांगितलं. सवयीप्रमाणे दोनदा सांगितलं. मग माईक माझ्या हातात देताना, तो बंद करायला विसरून, हळूच म्हणाले, "बाकड्यावर वाट पाहणारा प्रवासी एकच शे."