सुळोजीरावांची तालीम

एका जंगलात, मुलांनो, बातम्या वाचणे सगळ्यांनीच सोडून दिले होते. म्हणून तिथले वर्तमानपत्र रंगमंचावर आले. रोज संध्याकाळी तिसरी घंटा व्हायची, पडदा वर जायचा आणि बातमीदार आपापली बातमी करून दाखवायचे. संपादक मोर होता. त्याला नाचता येत होते, एवढी पात्रता पुरेशी ठरली.

टिटवी तिथली बातमीदार. तिची बातमी अशी होती: रानडुक्कर सुळोजीराव कंदांसाठी तळ्याचा बांध उकरतात. बांधाला भोक पडले आहे. तो फुटला तर खालचे रान वाहून जाईल.

त्याच रानात, उघड्या वाळूवर, टिटवीची अंडी होती. ती काही तिला उचलून नेता येत नव्हती.

पहिल्या प्रयोगात सुळोजीरावांचे काम कोल्ह्याने केले. खुद्द सुळोजीराव पहिल्या रांगेत बसले होते. पडदा पडताच ते तरातरा आत आले.

"टिटवीबाई, हे काय चालवलंय?"

"साहेब, बातमी खरी आहे हो," टिटवी चाचरत म्हणाली.

"असू द्या खरी! पण मी असा उकरतो? या काडीपैलवानासारखा? उद्यापासून माझं काम मीच करणार!"

आणि त्यांनी केले. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, "वन्स मोअर!" म्हणून गिल्ला केला. भूमिका पक्की व्हावी म्हणून सुळोजीराव रोज सकाळी बांधावर तालीम करू लागले. भोक रुंदावत चालले.

"अहो, बांध खरंच फुटेल!" टिटवी रंगमंचावरून कळवळून ओरडली.

"काय काम करते बाई!" म्हैस डोळे पुसत म्हणाली.

टिटवी मोराकडे गेली. "साहेब, बांधाचं भोक बुजवायला सांगा ना."

"आणि तिसऱ्या अंकात काय दाखवू? तुझं तोंड?"

मग टिटवी थेट सुळोजीरावांकडे गेली. "साहेब, शिट्ट्या खलनायकाला मिळतात, पण हार नायकालाच. शेवटी तुमचं मन पालटलं आणि तुम्ही एकट्याने ते भोक बुजवलंत तर?"

"प्रेक्षक रडतील?"

"ढसाढसा."

"दगड हलके घेऊ की जड?"

"जडच घ्या. आणि तालीम मात्र खऱ्या बांधावर हवी."

भोक बुजले. प्रेक्षक ढसाढसा रडले. मग काही दिवसांनी जांभया देऊ लागले. "उकरत होता तेच झकास होतं!" माकडे ओरडली.

दुसऱ्या सकाळी सुळोजीराव पुन्हा बांधावर सुळे घासत उभे राहिले. तोवर वाळूत नुसती टरफले उरली होती. राजीनामा न देताच टिटवी टेकडीकडे निघाली. मागून पिल्ले तुरुतुरु चालत होती.

तात्पर्य: अपराध्याला कधी जाब विचारू नये, त्याला नायकाची भूमिका द्यावी. आणि आपली पिल्ले चालू लागेपर्यंत प्रयोग बंद पडू देऊ नये. पुढचे काय ते प्रेक्षक बघून घेतील. ते बघायलाच तर आलेले असतात.