मीठ टाकलेली वैनगंगा

"समुद्र म्हणजे काय गा? मीठ टाकलेली वैनगंगा," असं नवाबभाऊ मोहसीनच्या चहाटपरीवर म्हणाले. सकाळचे साडेसात वाजले होते, माणूस पूर्ण शुद्धीत होता आणि ऐकायला सात जण हजर होते. म्हणजे वाक्य मागं घ्यायची सोय उरली नव्हती.

नवाबभाऊ म्हणजे वडशाचे नवाब टेलर. वय बासष्ट. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांचे पोशाख शिवण्यात त्यांची हयात गेली. नटाचं माप ते एकदाच घेत. पुढं नटाचं पोट सुटलं तर ती नटाची चूक. पण टेलर ही त्यांची खरी ओळख नव्हे. खरी ओळख अशी, की त्र्याऐंशी सालच्या पुरात ते वैनगंगा एकट्यानं पोहून गेले होते. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

नदीपलीकडच्या गावात नूरीशी लग्नाची बोलणी व्हायची होती. तारीख ठरलेली, आणि नेमका नदीला पूर. नाव बंद. वीस वर्षांच्या नवाबनं नवी शेरवानी मेणकापडात गुंडाळून डोक्याला बांधली आणि घेतली उडी. तासाभरानं तो सासऱ्यापुढं कोरड्या शेरवानीत आणि ओल्या मिशीत उभा. सासरा म्हणाला, "एवढ्या पुरात येणारा माणूस एक तं सच्चा असते, नाई तं येडा. दोन्ही चालते." लग्न झालं.

डोमाभाऊंचं म्हणणं निराळं होतं. डोमाभाऊ धीवर. मासोळी धरणं आणि नाव वल्हवणं हा घरचा धंदा. त्या दिवशी पुरात वाहून येणारी लाकडं ओढायला ते डोंगा घेऊन धारेत होते. "मधात आला अन् माह्या डोंग्याले लटकला," ते बिडी विझू न देता सांगत. "काठ वीस हात राह्यला तवा सोडला. सासऱ्यानं ते वीस हात पाह्यले. पोरगी वीस हातावर भेटली याले."

हा वाद बेचाळीस वर्षं रोज सकाळी मोहसीनच्या टपरीवर चाले. आधी मोहसीनचा बाप नवाबभाऊंची बाजू घेई, तो गेल्यावर टपरीसोबत ती बाजूही मोहसीनकडे आली. आणि प्रसंग सांगून सांगून एवढा झिजला होता, की त्या दिवशी मधल्या धारेत नेमकं काय झालं, हे आता नवाबभाऊंनाही आठवत नसे. आठवे ते फक्त सांगणं.

मध्येच समुद्र आला तो त्यांच्या लेकीमुळं. अदीबा कोकणात एका समुद्रकाठच्या गावी शिक्षिका होती. तिनं गंमत म्हणून तिथल्या सागरी जलतरण स्पर्धेची जाहिरात बापाच्या मोबाइलवर पाठवली. साठीच्या पुढच्यांसाठी वेगळा गट होता, दोन किलोमीटरचा. नवाबभाऊंनी ती टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवली आणि पाठोपाठ ते मिठाचं वाक्य बोलून बसले.

डोमाभाऊंनी कप खाली ठेवला. "मंग जा. पोहून ये, कागद आण. मी नाटकाच्या शामियान्यात माइकवर सांगीन, नवाब त्र्याऐंशीले एकटा गेला म्हून. अन् नाई जमलं, तं माइकवर तू सांगशीन, लटकलो होतो म्हून."

वडशात नाटकाआधी माइकवर नाव येणं म्हणजे साधी गोष्ट नाही. आमदारही त्यासाठी तासभर विंगेत उभे राहतात.

"मंजूर," नवाबभाऊ म्हणाले.

"अन् मी संग येतो," डोमाभाऊ म्हणाले. "कागदाचा भरोसा नाई. मी डोळ्यानं पाहीन."

घरी नूरीबाईंनी ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अजी, तुम्हाले दुकानातून घरी याले ऑटो लागते."

"पाण्यात ऑटो चालत नाई. म्हणूनच पाण्यात चाललो."

सराव नदीवरच. पण वर धरण झाल्यापासून हिवाळ्यात वैनगंगा रेतीमधून अंग चोरून जाते. नवाबभाऊ गुडघाभर पाण्यात पालथे पडून हात मारू लागले, तर पोटाला रेती घासू लागली. डोमाभाऊ काठावर बसून पाहत होते. याच जागी एकेकाळी बांबू टाकला तर तळ लागत नसे. शाळा बुडवून आलेली अर्धा डझन पोरं इथून पलीकडच्या टरबुजाच्या वाडीवर उतरत. पोहण्याचे दोन नियम तेव्हा सगळ्यांना पाठ होते. पहिला: ज्या घाटावर लागायचं, त्याच्या दोन शेतं वर जाऊन पाण्यात उतरायचं, म्हणजे धार आपसूक घाटावर आणून सोडते. दुसरा: मधल्या धारेत पोचलं की तोंड उघडून नदीचा एक घोट घ्यायचा. ज्यानं घोट घेतला नाही, तो पलीकडे पोचला तरी पोचला धरत नसत.

"आपल्या टाइमले पाणी होतं गा," डोमाभाऊ म्हणाले.

"अन् आपण बी होतो," नवाबभाऊ पोटाची रेती झटकत म्हणाले.

पोहण्याची चड्डी विकत घेणं टेलरच्या जातीला शोभलं नसतं. राजाच्या अंगरख्यातली लाल साटीन उरली होती. तिची त्यांनी ऐसपैस चड्डी शिवली. काठाला जर लावायचा मोह फक्त नूरीबाईंच्या नजरेमुळं आवरला.

तीन गाड्या बदलून दोघं समुद्रावर पोचले तेव्हा दिवस कलला होता. डोमाभाऊंनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. कपाळावर हात धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"नवाब, दुसरा काठ कुठी हाय?"

"नाई दिसत."

"मंग तू पोहून जाऊन राह्यला कुठी?"

नवाबभाऊंनी लाल फुगे दाखवले. पाण्यात एका ओळीत तरंगत होते. शेवटच्या फुग्याला वळसा घालून परत इथंच यायचं होतं.

"ज्या काठावरून निघाचं, त्याच काठावर याचं?" डोमाभाऊंना हे पटेना. "मंग निघाचं काऊन? इथीच बसून राह्यला तं पहिला नंबर तुहा."

नवाबभाऊंनी तिकडं दुर्लक्ष करून एका कोळ्याला गाठलं आणि नियम क्रमांक एकची चौकशी केली. पाणी कोणीकडं वाहतं? कोळ्यानं दक्षिणेकडं हात केला. "आता तिकडं ओढतंय," तो म्हणाला. पुढंही तो काहीतरी सांगत होता, पण नवाबभाऊंना हवं ते मिळालं होतं. नदी ती नदी. एकदा दक्षिणेला निघाली की दक्षिणेलाच जाणार.

समुद्र सकाळी उलटा वाहतो हे कोळ्याचं उरलेलं अर्धं वाक्य डोमाभाऊंनी ऐकलं. ते कोळ्याच्या होडीत बसून वल्हं न्याहाळत होते. त्यांनी ते नवाबभाऊंना सांगितलंही.

"पाणी सकाळी परतते?" नवाबभाऊ हसले. "तुह्या डोक्यावर परिणाम झाला गा. लांबचा प्रवास झाला."

सकाळी किनाऱ्यावर दंडावर आकडे लिहिलेली माणसं उभी होती. सगळ्यांच्या चड्ड्या काळ्या आणि अंगाला चिकटलेल्या. त्यांच्यात नवाबभाऊंची लाल साटीन वाऱ्यानं फुगून फडफडत होती. शिट्टी झाली. सगळे धावत पाण्यात शिरले. नवाबभाऊ धावत उत्तरेला गेले.

संयोजकांनी कर्ण्यातून हाका मारल्या. "एकशे सेहेचाळीस, समुद्र इकडे आहे." नवाबभाऊंनी हात उंचावून त्यांना धीर दिला, तीनशे पावलं मोजली आणि तिथं उतरले. आता धार त्यांना फुग्यांच्या ओळीवर आणून सोडणार होती.

धारेनं त्यांना उचललं आणि आणखी उत्तरेला नेलं.

दहा मिनिटांनी त्यांनी मान वर काढली. फुगे डाव्या हाताला मोहरीएवढे दिसत होते. बाकीचे पोहणारे दिसतच नव्हते. त्यांनी हिशेब केला, की बाकीचे सगळे वाट चुकले. मग आजूबाजूला एकसारखं पाणी पाहून त्यांना वाटलं, हीच मधली धार. पोरवयाची सवय. त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि मनापासून मोठा घोट घेतला.

वैनगंगेत मीठ टाकलेलं नव्हतं. हे मीठच होतं, वैनगंगा नंतर टाकली असावी. घोट पोटात टेकला न टेकला तोच सकाळच्या पोह्यांना घेऊन परतला. नवाबभाऊंना ठसका लागला, डोळे भरले, पाय गोल फिरू लागले. त्यातच साटीननं रंग सोडला. राजाचा पोशाख पावसात भिजत नाही, त्यामुळं तिचा रंग पक्का आहे का, हे कोणी कधी तपासलं नव्हतं. त्यांच्याभोवती हातभर लाल गोल पसरू लागला.

बचावाच्या होड्या स्थानिक कोळ्यांच्या होत्या. त्यांतल्या एकीत शिट्टी लावलेला स्वयंसेवक होता, आणि वल्ह्यावर, काल रात्रीच्या मैत्रीच्या जोरावर, डोमाभाऊ.

"रक्त!" स्वयंसेवक ओरडला आणि शिट्टी फुंकत सुटला. किनाऱ्यावर कोणीतरी मोठा मासा म्हणालं, कोणीतरी त्याला दात लावले. रुग्णवाहिकेचा भोंगा सुरू झाला. बापाला पाहायला आलेली अदीबा चपलांसकट पाण्यात धावली.

"रक्त नाई, साहेब," डोमाभाऊ वल्हं मारत म्हणाले. "साटीन हाय."

होडी जवळ आली. नवाबभाऊंचा डावा हात आपोआप वर गेला आणि होडीच्या काठाला लागला. लाकूड बोटांना लागलं, आणि त्याच क्षणी त्र्याऐंशी साल सगळंच्या सगळं परत आलं. डोक्यावरच्या मेणकापडाचं ओझं. मळकं, गरजणारं पाणी. छातीत फुटू पाहणारा दम. आणि याच डाव्या हाताखाली डोंग्याचं ओलं लाकूड. त्यावर डोमाचं तरुण तोंड, ओठात न पेटवलेली बिडी. तेव्हा डोमा एवढंच म्हणाला होता, "धर. कोणी नाई पाहून राह्यलं."

लटकलो होतो. आता त्यांना स्पष्ट आठवलं.

वरून डोमाभाऊ वाकले. आता तोंडात दात कमी होते. "नवाब, सोड," ते हळू आवाजात म्हणाले. "हा शिट्टीवाला पाहून राह्यला."

"दम नाई गा."

"हाय. उताणा पड. मी बाजूनं चाललो. सोड म्हणतो ना."

नवाबभाऊंनी सोडलं. उताणे पडले, आकाशाकडं बघत पाय हलवत राहिले, आणि होडी त्यांच्या कानाशी लागून चालली. वल्ह्याचा आवाज मात्र हुबेहूब तोच होता. पाऊण तासानं दोघं किनाऱ्याला लागले, पण शर्यत संपायच्या कमानीजवळ नव्हे. शेजारच्या गावात, मासे वाळत घातले होते तिथं. कोळणींनी ओल्या लाल चड्डीतल्या माणसाला पाहून कावळे हाकलायची काठी उचलली. डोमाभाऊंनी मध्यस्थी केली.

प्रमाणपत्र मिळालं. ते सगळ्यांनाच मिळत होतं. "भाग घेतल्याबद्दल" असं त्यावर लिहिलेलं होतं, आणि भाग तर त्यांनी घेतला होता, इतरांपेक्षा जास्तच समुद्राचा.

परतीच्या गाडीत नवाबभाऊंनी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. "डोमा, ते त्र्याऐंशीचं..."

"कागद आणला ना? मंग झालं," म्हणून डोमाभाऊंनी खिडकीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं, खिडकीलाच सांगितल्यासारखं, ते म्हणाले, "लाल पाणी पाह्यलं तवा मले बी वाटलं होतं, साटीन नसन."

आठ दिवसांनी शामियान्यात, पडदा वर जायच्या आधी, डोमाभाऊ माइकसमोर उभे राहिले. धुतलेला सदरा घालून. "त्र्याऐंशीच्या पुरात नवाब टेलर वैनगंगा एकटा पोहून गेला. मी डोंग्यात होतो. मी डोळ्यानं पाह्यलं. मी आतापर्यंत खोटं बोलत होतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नूरीबाईंनी पदर सावरून चारी बाजूंना पाहून घेतलं. नवाबभाऊ उठले, तोंड उघडलं, पण तेवढ्यात पडदा वर गेला आणि त्यांनीच शिवलेला राजा बाहेर आला.

दुसऱ्या दिवसापासून टपरीवर शांतता. विषय मिटला होता. डोमाभाऊ चहा पीत आणि धान्याच्या भावावर बोलत. त्या विषयात दोघांनाही गती नव्हती. सात ऐकणाऱ्यांचे चार झाले, चाराचे दोन. मोहसीननं दूध कमी घ्यायला सुरुवात केली.

बाराव्या दिवशी नवाबभाऊंनी कप खाली ठेवला.

"डोमा, मी लटकलो होतो."

"नाई लटकला."

"अबे, मले याद हाय. डावा हात. तू म्हणला, धर."

"मी काही म्हणलो नाई. मी लाकडं पाहून राह्यलो होतो. तू एकटा गेला."

"मी गेलो का तू गेला? मले ठाऊक का तुले?"

"माइकवर कोण बोललं? मी. मंग मले ठाऊक."

समोरच्या दुकानातून दोघं जण टपरीत येऊन उभे राहिले. मागोमाग आणखी तीन आले. आवाज चढले. मोहसीननं मोठं पातेलं चुलीवर ठेवलं आणि पंचाइतीत पडून नवाबभाऊंच्या कानाशी वाकला.

"भाऊ, बापानं सांगून ठेवलं होतं, आपण तुमच्या बाजूनं बोलाचं. आता मी कोणाच्या बाजूनं बोलू?"

नवाबभाऊंनी डोमाभाऊंकडं पाहिलं. ते बेंचवर उभं राहून कुणा परक्या माणसाला नवाबच्या छातीतला दम किती होता ते हातानं दाखवत होते.

"त्याच्या," नवाबभाऊ म्हणाले. "तो खोटं बोलून राह्यला. त्याले गरज हाय."