कारल्याला एक मत

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शरदराव टिपणिसांच्या घरी कुकर लावण्याआधी मतदान होतं. रात्री खायचं काय, यावर रीतसर हात वर करायचे. इथे जर्मनीत, इंगोलश्टाटच्या कारखान्यात दिवसभर गाड्यांचे ब्रेक तपासून शरदराव घरी आले, की थेट अठराव्या शतकात शिरतात. राजाला भर दरबारात जाब विचारायला शिकवणारे त्या काळचे युरोपातले विचारवंत, हे त्यांचं दैवत.

“राजा असो नाहीतर बाप, कारण सांगितल्याशिवाय हुकूम सोडायचा नाही!” हे त्यांचं पालुपद. एकदा इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने जिन्यात चपला ठेवू नका म्हणून बजावलं. शरदरावांनी विचारलं, “वारूम? का?” तो बिचारा आग, धूर, पळायची वाट असं सगळं समजावत बसला. “गेनाऊ! अगदी बरोबर!” म्हणत शरदरावांनी ताबडतोब आपल्या चपला घरात नेल्या आणि पटल्याच्या भरात आमच्याही नेल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना मी नुसत्या मोज्यांवर त्यांच्या दारात उभा!

सत्ता एकाच्या हाती नको, म्हणून घरातही त्यांनी ती वाटून टाकली होती. नियम सुलभावहिनींनी करायचे. अंमलबजावणी शरदरावांकडे, म्हणजे सामानाच्या पिशव्या आणायच्या आणि कचरा खाली न्यायचा. दोघांची मतं विरुद्ध पडली, तर निकाल लेकीने, मुक्ताने द्यायचा.

मग मुक्ताने शिकायला दूर ड्रेस्डेन शहरात जायचं काढलं. शरदरावांच्या मनातून तिने इथेच शिकावं असं होतं. ते नको म्हणाले, तशी पोरगी शांतपणे म्हणाली, “वारूम, बाबा?”

शरदराव आठवडाभर कारण शोधत होते. शेवटी जिन्यात मला म्हणाले, “मला करमणार नाही, हे काही कारण होत नाही हो.” त्या रात्री त्यांनी तिच्या बाजूने हात वर केला.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. पाहुण्याला मताधिकार नाही. वहिनींनी पिठल्याला हात वर केला, शरदरावांनी कारल्याला. बरोबरी! लगेच ड्रेस्डेनला फोन लागला. मुक्ता पलीकडून जर्मनमध्ये हसत होती. हे रोजचंच, असं वहिनी म्हणाल्या.

मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. “कारली चिरू का?”

“घरात कारलं आहेच कुठे? यांना वाससुद्धा सहन होत नाही.”

“मग मत कशाला दिलं?”

वहिनींनी बेसनाचा डबा काढला. “दोघांनीही पिठलंच म्हटलं, तर तिला फोन काय म्हणून करायचा, भावोजी?”

बाहेर निकाल लागला होता. पिठलं. पण शरदराव फोन ठेवायला तयार नव्हते.

“नुसता निकाल नको, बाळा. कारणं सांग. सावकाश सांग.”